अप्पाच्या गोदामावरचा पिवळा बोर्ड

लग्नकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही बँकेत काय होता?" मी सांगतो, "कुलूप होतो." लोक हसतात. मी हसत नाही, कारण मी खरं तेच सांगितलेलं असतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. गाव लोहा तालुक्यातलं. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. पोरानं शिकून कचेरीत बसावं असं त्यांना लई वाटायचं. मी शिकलो न्हाई, पण बँकेत लागलो. आत खुर्चीवर नाही, बाहेर गोदामावर. कागदावर माझा हुद्दा गोडाऊन कीपर. बाजारातले लोक मामा म्हणायचे, आणि पाठीमागं "बँकेचं कुलूप" म्हणायचे. दोन्ही नावं मला चालायची.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. तूर बाजारात येते ती संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत. डाळ मात्र लोक बाराही महिने खातात. म्हणजे डाळमिलवाल्याला वर्षभराची तूर दोन-तीन महिन्यांत घेऊन ठेवावी लागते. एवढा पैसा कोणाच्या तिजोरीत नसतो, शेठ कितीही मोठा असू द्या. मग बँक म्हणते, तूर घ्या, तुमच्याच गोदामात लावा, फक्त दाराला कुलूप आमचं लावू द्या, आणि मालाच्या किमतीपेक्षा थोडे कमी पैसे आजच घेऊन जा. त्या पैशात मिलवाला आणखी तूर घेतो. डाळ विकली की पैसा बँकेत भरायचा. जेवढा भरला तेवढ्या मालाची चिठ्ठी साहेब देतात. ती चिठ्ठी बघून मी दार उघडायचो, तेवढीच पोती बाहेर काढायचो, पुन्हा कुलूप. वर्ष सरता सरता गोदाम रिकामं आणि कर्जही फिटलेलं. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तोच खेळ.

माल मिलवाल्याचा, दार मिलवाल्याचं, पण चावी माझ्या कमरेला. यात कोणाचा तरी जीव जळणारच. माझा जळत नव्हता.

सुरुवातीला मी नांदेडला होतो, एका शेंगदाण्याच्या तेल मिलवर. तिथली एक गोष्ट सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिलवाल्याची आई ताट घेऊन गोदामापुढं आली. मागं सगळं घर.

"दार उघड रे," म्हातारी म्हणाली.

"काकू, चिठ्ठी न्हाई."

"आमची लक्ष्मी कुठं हाय? आतच हाय ना? मग तिच्यापुढं दिवा लावाय नको?"

"आत पोती हायत. दिवा तर अजिबातच न्हाई."

"लक्ष्मीच्या दर्शनाला चिठ्ठी लागती का रे?"

"आमच्या बँकेत लागती."

तिचा पोरगा म्हणाला, "आई, चल. ह्या माणसापुढं डोकं आपटून राहिली तू." पण म्हातारी माझ्यापेक्षा हट्टी निघाली. ती माघारी गेली नाही. तिनं माझ्या कुलपालाच हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, ओवाळलं आणि हात जोडले. मग माझ्याकडं वळून एक अनारसा हातावर ठेवला. "तू बी खा. राखण करतूस तिची." मी बौद्ध माणूस, मला त्या पूजेचं काही नाही, पण कुलपाचा असा मान पुन्हा कोणी केला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चिठ्ठी आली आणि चावी फिरेना. चावीच्या भोकात कुंकू गेलेलं. त्यांच्याच मिलचं तेल सोडून कुलूप मोकळं केलं. मिलवाला बघत होता. म्हणाला, "मामा, ह्या तेलाचं बिल बँकेला लावू का?"

पुढं लातूरचा जिल्हा झाला. लातुरात बँकेचं काम वाढलं आणि माझी बदली तिकडं झाली. लोह्यावरून, अहमदपूरवरून एस.टी.नं वळकटी घेऊन उतरलो तर गाव अजून गुलालात होतं. जिल्हा झाल्यावर सगळ्यात आधी भलं झालं ते पेंटर लोकांचं. ज्या पाटीवर "जि. उस्मानाबाद" होतं तिथं "जि. लातूर" लिहायचं. दुकानं, शाळा, दवाखाने, रसवंत्या, सगळ्यांना घाई. महिना महिना पेंटर मिळेना.

गोदामांनाही पाटी असते. तिला आम्ही बोर्ड म्हणायचो. त्यावर लिहिलेलं असतं, की ह्या गोदामातला माल अमुक बँकेकडं तारण आहे, बँकेच्या परवानगीवाचून कोणी हात लावू नये. खाली गाव, तालुका, जिल्हा. तो दारावर दिसेल असा लावायचा, हा बँकेचा नियम. आणि तो दिसू द्यायचा नाही, हा लातूरच्या बाजाराचा नियम.

त्याचं कारण असं. मिलवाला एकट्या बँकेवर चालत नाही. आडत्या शेतकऱ्याला रोख पैसे देतो आणि तीच तूर मिलवाल्याला आठ-पंधरा दिवसांच्या उधारीवर देतो. कागद नाही, सही नाही, नुसत्या तोंडावर. ती उधारी माणसाची पत बघून मिळते, आणि माल गहाण दिसला की पत उतरते. आता सगळ्या बाजाराला ठाऊक असायचं, की सगळ्यांचाच माल बँकेत आहे. पण दारावर लिहून दिसलं नाही तोवर कोणी बोलायचं नाही. एका मिलवाल्यानं बोर्डापुढं रिकामी पोती वाळत घालायची दोरी बांधली होती, आणि ती पोती बाराही महिने वाळतच असायची. हरिशेठ नावाचे बाजारातले मोठे आडते होते. त्यांच्या स्वतःच्या हरभऱ्याच्या गोदामावर आमचा बोर्ड होता, त्यावर त्यांनी बियाण्याच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलेला.

आणि माझ्या मुख्य गोदामाचे मालक, मन्मथअप्पा, यांनी मधुमालतीची वेल चढवली होती. अप्पा म्हणजे जुने डाळमिलवाले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं कमी. तपासणीला साहेब आले की अप्पाचा माणूस वेल हातानं बाजूला धरायचा, साहेब बोर्ड वाचायचे, वेल पुन्हा जागेवर. साहेब म्हणायचे, "फुलं छान आहेत."

जिल्हा आला आणि त्याच्या मागोमाग पावसानं दगा दिला. तूर थोडी आली आणि महाग आली. डाळ करायच्या आधी तूर तेल-पाणी लावून वाळवावी लागते, तर पाणीच नाही. अप्पा टँकरनं पाणी घेऊन मिल चालवत होते. त्या सालात बाजारातल्या दोन मिला बंद पडल्या आणि आडत्यांचे पैसे त्यात अडकले. माणसं प्यायच्या पाण्याला रांगा लावत होती, तिथं वेलीला पाणी कोण घालणार? मधुमालती वाळली. पानं झडली, नुसत्या काड्या राहिल्या, आणि मागचा बोर्ड दिसायला लागला. पण ऊनपावसानं तो इतका विटला होता की कोणाला वाचता यायचा नाही.

अशात बँकेचा हुकूम आला, की सगळ्या गोदामांच्या बोर्डांवर नवा जिल्हा महिनाभरात घालून घ्यावा. मी करीमभाई पेंटरला घेऊन पहिल्यांदा अप्पाच्या गोदामावर गेलो, कारण ते माझं मुख्य गोदाम.

करीमभाईनं शिडी लावली, बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "मामू, एकच लफ्ज बदलायचा हाय. उस्मानाबाद पुसतो, लातूर काढतो. चहा थंड व्हायच्या आत होतं."

मी म्हणालो, "न्हाई. सगळा बोर्ड नवा करा. पिवळा रंग, वर लाल अक्षरं."

"साहेबानं तर एकच लफ्ज सांगितला."

"साहेब खुर्चीवर हाय. दारावर मी हाय. एक शब्द नवा आन् बाकीचे पुसलेले, म्हणजे फाटक्या सदऱ्याला रेशमी खिसा."

त्यानं मान हलवली आणि रंग कालवला. संध्याकाळपर्यंत बोर्ड असा झाला की रस्त्याच्या पलीकडून वाचावा. मी दोनदा लांब जाऊन पाहून आलो. अप्पा त्या दिवशी निलंग्याला गेले होते. वाळलेल्या काड्या करीमभाईनं आडव्या येतात म्हणून तोडून टाकल्या.

सकाळी मी आलो तर मिलच्या अंगणात पाच-सहा आडते उभे होते. सगळ्यांच्या पुढं हरिशेठ. सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या आधी हे लोक कधी मार्केट यार्ड सोडत नाहीत. अप्पा बाजेवर बसले होते. मिल चालू होती, आणि डाळ निवडणाऱ्या बाया सूप हातात धरून तोंडाकडं बघत होत्या.

हरिशेठ म्हणाले, "अप्पा, बोर्ड कवा लागला?"

"जुनाच हाय."

"परवा इथून गेलो तवा न्हवता."

"वेलीमागं होता."

"वेलीमागं होता," हरिशेठ बाकीच्यांकडं बघून म्हणाले. "ऐका. पैसे बी वेलीमागंच असतील."

सगळे हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. मागच्या दोन मिला बुडाल्या तेव्हाही आधी असाच माल बँकेत गेला होता, असंही हरिशेठ म्हणाले. मी पुढं झालो. म्हणालो, "शेठ, जिल्हा बदलला म्हणून रंगवलाय. खालची ओळ वाचा. जिल्हा लातूर."

"मामा, जिल्ह्याचं नाव बदलायला आख्खा बोर्ड लागतो व्हय?"

आख्खा बोर्ड लागला होता तो माझ्याच हट्टानं.

त्यांचं म्हणणं एकच, आमचे पैसे आज द्या. बोली आठ-पंधरा दिवसांची होती, पण बोली मोडायला आता कारण सापडलं होतं. अप्पाचा पैसा सगळा तुरीत, आणि तूर माझ्या कुलपात. एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागणार. आणि आज हे लोक असेच माघारी गेले, तर सौद्यात अप्पाला कोणी एक पोतं उधार देणार नव्हतं. ऐन हंगामात तूर थांबली की मिल थांबली, मग वर्षभर काय दळणार? माझ्या डोळ्यांपुढं सगळं होतं.

अप्पा उठले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मामा, दार उघडा. त्यांना माल दाखवा. भरलेलं गोदाम बघितलं की गप बसतील."

"चिठ्ठी न्हाई, अप्पा."

"बाहेर काय काढायचं न्हाई. नुसतं दाखवायचं."

"न्हाई उघडत."

निवडणाऱ्या बायांची मुकादम गंगाबाई होती. ती सूप आपटून उठली. "मामा, कुलूप तुमच्या काळजाला बी लावलंय का वो? मिल बुडाली तर आम्ही खडी फोडाय जावं का?"

"जा म्हणलं का मी?"

"उघडा म्हणून राहिले ना अप्पा!"

"अप्पाची चावी असती तर अप्पानं उघडलं असतं, बाई."

लोकांना वाटलं, मी नियमाचा आव आणतोय. नियम होताच, पण नुसता नियम नव्हता. दार उघडलं असतं तर आत नुसती नजर गेली नसती, सहा आडते आणि त्यांचे हमालही गेले असते. एकानं म्हणायचं ही थप्पी माझ्या तुरीची, दुसऱ्यानं म्हणायचं माझ्या. एकानं पोत्याला हात घातला की बाकीचे थांबत नसतात. घाबरलेल्या घेणेकऱ्यापुढं गोदाम उघडणं आणि गोदाम वाटून टाकणं यात फार अंतर नाही. अप्पाला हे शांत डोक्यानं कळलं असतं. त्या घडीला त्यांचं डोकं शांत नव्हतं. माझं होतं, कारण माझं काहीच बुडत नव्हतं. हेही खरं आहे, लपवायचं कशाला?

मी सायकल काढली आणि फाटकाबाहेर पडलो. मागून कोणीतरी म्हणालं, "कुलूप पळालं." पळू द्या म्हणालो.

करीमभाई गोलाईजवळच्या टपरीवर चहा पिऊन राहिले होते. "उठा," मी म्हणालो. "आज सगळे बोर्ड रंगवायचे."

"सगळे? मामू, मला हात दोनच हायत."

"भाच्याला घ्या, शेजारच्या पेंटरला घ्या. पिवळा, लाल, मोठी अक्षरं. कालच्यासारखीच."

साहेबांना मी विचारलं नाही. हुकूम महिनाभरात सगळे बोर्ड रंगवायचा होता, आणि आजचा दिवस महिन्यातच येतो.

पहिला बोर्ड घेतला तो अप्पाच्या समोरच्या मिलचा, रस्त्याच्या पलीकडं. अप्पाच्या अंगणातून सरळ दिसायचा. मी स्वतः दोरीवरची पोती काढून खाली टाकली. मिलवाला बनियनवर धावत आला. "मामा, ही पोती वाळायचीत!"

"बाराही महिने वाळली. झाली आता."

करीमभाईनं पिवळा हात मारला. समोरच्या अंगणातली माणसं फाटकाशी येऊन बघायला लागली. अक्षरं एकेक उमटायला लागली तसं एकजण मोठ्यानं वाचायला लागला. "ह्या... गोदामातला... माल..." मग तो थांबला, कारण त्या मिलवाल्याकडंही त्याची उधारी होती.

तोवर भाच्यानं तिसरी मिल धरली होती, शेजारच्या पेंटरनं चौथी. रस्ताभर शिड्या लागल्या. मी करीमभाईला घेऊन थेट मार्केट यार्डात, हरिशेठच्या गोदामावर गेलो. बियाण्याच्या जाहिरातीचा पत्रा मी पान्ह्यानं उचकटला. मागं आमचा बोर्ड होता, धुळीनं भरलेला पण शाबूत.

हरिशेठचा मुनीम सायकलवर पळाला. थोड्या वेळात हरिशेठ आले, धोतर सावरत, एकटेच. बाकीच्यांना त्यांनी मागंच ठेवलं होतं.

"मामा," आवाज एकदम खाली, "एवढी काय घाई? पाडवा झाल्यावर रंगवा की."

"हुकूम हाय, शेठ. सगळ्यांचाच रंगवतोय."

"माझं तर थोडंच उचललेलं हाय बँकेतून."

"बोर्डावर आकडा लिहीत न्हाईत."

ते शिडीकडं बघत राहिले. करीमभाईनं "तारण" हा शब्द निम्मा काढला होता.

"करीम, अक्षरं जरा बारीक काढ बाबा."

करीमभाईनं माझ्याकडं पाहिलं.

"जेवढी अप्पाच्या दारावर, तेवढीच ह्या दारावर," मी म्हणालो. "बँक लहान-मोठं बघत न्हाई."

हरिशेठ हुशार माणूस. डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. माल तारण असणं म्हणजे मिल बुडणं, हे त्यांनी सकाळी सहा माणसांपुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दुपारी तीच सहा माणसं इथून जाणार होती. त्यांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि मग एकदम मोठ्यानं, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं बोलले, "अहो, जिल्हा झाला! पाट्या नव्या नको का? लावा, लावा! धंदा करणाऱ्याचा माल बँकेत असायचाच!"

त्यानंतर ते तसेच अप्पाच्या मिलवर गेले. मी तिथं नव्हतो, पण गंगाबाईनं मला शब्द न् शब्द सांगितला. म्हणे, शेठ बाजेवर अप्पाशेजारी बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "अप्पा, मन्मथ हे नाव बाजारात आज पहिल्यांदा ऐकतोय का मी? सौद्याला या." बाकीचे आडते एकमेकांकडं बघत सौद्याला निघून गेले.

एकाचं मात्र वाईट झालं, ते सांगितलं पाहिजे. पोती वाळत घालणाऱ्या त्या मिलवाल्याच्या घरी पोरीची सोयरीक चालली होती. पाहुण्यांनी येता येता बोर्ड वाचला आणि बोलणं लांबवलं. पुढं ती पोरगी चांगल्या घरी पडली, पण तो माणूस माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. समोर आला की धोतराचा सोगा झटकायचा. त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. बोर्ड रंगवल्याचं वाटत नाही.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी एका दिवसात एवढा रंग कसा खपला म्हणून विचारलं. मी म्हणालो, "जिल्हा मोठा हाय, साहेब."

बोर्ड रंगवले त्याच दिवशी दुपारी उन्हं कलायच्या वेळेला मिलच्या फाटकात तुरीच्या गाड्या आल्या. हरिशेठची तूर, नेहमीच्या बोलीवर, उधार. हमाल पोती पाठीवर घेऊन उभे राहिले. बँकेचा माणूस नव्या मालाच्या तारणाची चिठ्ठी घेऊन आला, मी दार उघडलं. अप्पा सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. थप्पी लागेपर्यंत ते दारात उभे होते, मी आत.

शेवटचं पोतं लागलं तेव्हा ते म्हणाले, "सकाळी दार उघडलं असतं तर एवढा तमाशा झाला नसता, मामा."

"सकाळी दार उघडलं असतं तर आत्ता लावायला गोदामात जागा लई झाली असती, अप्पा."

 मिलचा आवाज चालू होता. बाया पुन्हा सूप पाखडत होत्या, आणि गंगाबाई कोणावर तरी ओरडत होती. मी बाहेर आलो, दार ओढलं, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. अप्पा पुढं झाले. त्यांनी माझं कुलूप दोन्ही हातांनी धरलं आणि जोरानं ओढून पाहिलं. नीट लागलं होतं. मग ते घरी गेले.